बाबांनी निवडलेली कोरडी जागा

प्रिय एल्माताई,

आज रविवार, २४ ऑगस्ट १९४७. सकाळचे सहा वाजलेत. सौनाच्या पायरीवर बसून फावड्याला चिकटलेली माती काडीने काढत होतो, ते अर्धवट टाकून हे पत्र लिहायला आत आलो. गुरुवारपासून लिहायचं म्हणतोय. दोन कागद वाया गेले. एकात फार खाडाखोड झाली, आणि दुसऱ्यात मी मूळ गोष्टीवर इतक्या लवकर आलो की परत वाचताना माझाच धीर सुटला. आता घाई करत नाही. तूही बसून वाच, कामाच्या मधे उभ्याउभ्या नको.

आधी इकडची खुशाली सांगतो. मी अजून सौनातच राहतोय. काल शनिवार होता म्हणून वाफेच्या अंघोळीसाठी दगड तापवले होते, भिंती अजून कोमट आहेत. जर्मनांनी जाळलेल्या घराच्या जागी नव्याचे ओंडके खिडकीच्या उंचीपर्यंत चढलेत आणि फटींत शेवाळ ठासून झालंय. पहिल्या बर्फाच्या आत छप्पर होईल, याबद्दल मला शंका नाही. मान्सिक्की व्यायली, कालवड आहे. जी गाय स्वीडनपर्यंत चालत गेली आणि चालत परत आली तिला कालवड होणं म्हणजे काही कमी नाही. बटाटे अंड्याएवढे झालेत. दलदलीकडच्या सगळ्यांची पानं गेल्या आठवड्याच्या गारठ्याने काळी पडली, आपली वाचली, कारण गारठा पाण्यासारखा उतारावरून वाहत जातो आणि खाली साचतो. स्वीडनहून पाठवलेली तुझी कॉफी पोचली. डबा उघडला आणि वास जेमतेम दारापर्यंत गेला असेल, तेवढ्यात शेजारचे नेस्तोरीकाका हजर. त्यांचंही घर जळलंय, धुराडं तेवढं उभं आहे, आणि बोलणं होतं तसंच आहे. त्यांनी तुला निरोप दिलाय की कॉफी पाठवतेस ते ठीक, आता पुढच्या पार्सलात या पोरासाठी तिकडची एखादी पोरगीही घाल, म्हणजे मला सकाळी उठून याचं उपाशी तोंड बघावं लागणार नाही.

आता तुझ्या मार्चमधल्या पत्राविषयी. त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. तू लिहिलंस, “आता खणणं थांबव. ज्या जमिनीत माझी हेल्का कुठे आहे हे मला माहीत नाही, त्या जमिनीवर मी पाय ठेवणार नाही. प्रत्येक पावलाला वाटेल की खाली तीच आहे.” पुढे तू आणखी एक वाक्य लिहिलं होतंस आणि मग त्यावर रेघ मारली होतीस. मी ते उजेडाला धरून वाचलं. बाबांनी तिला खरंच पुरलं का, असं ते वाक्य होतं. ताई, तुझा दोष नाही. हाच प्रश्न माझ्याही डोक्यात होता आणि मी तो कागदावर येऊ दिला नव्हता, एवढाच आपल्यातला फरक.

मी तेव्हा सैन्यात होतो, त्यामुळे मला त्या दिवसाचं जे ठाऊक आहे ते सगळं तुझ्याकडून. जर्मनांशी लढाई जुंपणार म्हणून गाव सकाळी रिकामं करायचं, गुरं आधीच हंबरत होती, तू तापाने फणफणलेली, आणि तुझी सहा आठवड्यांची हेल्का आदल्या दुपारी गेली. रेइनोभावजींना जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. ते निदान चर्चच्या आवारात, सैनिकांच्या ओळीत होते. पोरीला तिथवर न्यायला ना घोडा होता ना वाट मोकळी. बाबा तिला घेऊन एकटेच टेकाडावर गेले. तिकडे स्वीडनमध्ये छातीत कफ भरला तेव्हा त्यांनी तुला फक्त एवढं सांगितलं, की जागा कोरडी आहे आणि झाडावर खूण केलीय. नाताळच्या आत तेही गेले.

झाड मला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात सापडलं होतं, हे तुला माहीत आहे. घरामागच्या वाटेवरचा तो मोठा पाइन. खालच्या फांद्या छाटलेल्या, साल सोलून त्यावर सुरीने कोरलेला ह आणि वर्ष. अक्षर बाबांचंच, त्यांची आडवी रेघ नेहमी डावीकडे वर जायची. मला वाटलं, काम झालं. मी झाडाच्या बुंध्यापासून सुरुवात केली आणि दोन उन्हाळे त्याच्या चारी बाजूंनी जमीन उघडली. शेवटी शेवटी वीतभर जागाही सोडली नव्हती.

आपली ही जमीन कशी आहे ते तू लहानपणापासून बघितलंयस, पण कधी कापून बघितलं नसशील. मी इतकी बघितली की डोळे मिटले तरी दिसते. वर दगडफूल आणि लाल बेरींची झुडपं, त्यांच्या मुळांची चटईसारखी काळी साल. ती उचलली की खाली चार बोटं जाडीचा राखाडी थर, इतका फिका की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं कुणी चुलीतली राख पसरलीय. त्याच्या खाली एकदम गंजाचा रंग. मग तो हळूहळू पिवळट होत जातो आणि शेवटी बर्फाने कधीकाळी ओढत आणून टाकलेली दगडगोट्यांची मुरमाड माती लागते, तिला तळच नाही. गेल्या वर्षी जमीन वाटपासाठी ओउलूहून एक भूमापक बाई आल्या होत्या. मी खड्ड्याच्या कडेला उभा होतो, त्यांना वाटलं मी विहीर खणतोय. मी खरं ते सांगितलं. त्या खाली उतरल्या, कडेवरून बोट फिरवलं, आणि समजावून दिलं की पाऊस पडतो, बर्फ वितळतं, ते पाणी या मातीत थांबत नाही, सरळ खाली जातं, आणि जाताना वरच्या थरातला लोहाचा अंश धुऊन खालच्या थरात सोडतं. वरची राख होते आणि खालचा गंज. याला शेकडो, हजारो वर्षं लागतात. म्हणून जिथे राखाडी पट्टा सलग आहे तिथे आजवर कुणी फावडं घातलेलं नाही. एकदा खणून परत भरलं की रंग मिसळतात, आणि आपण सगळे मेलो तरी ते परत वेगळे होत नाहीत.

त्यांनी हे माझ्या सोयीसाठी सांगितलं. मला मात्र त्या दिवसापासून झोप लागेना. कारण झाडाभोवती पट्टा सगळीकडे सलग होता. म्हणजे तिथे कुणीच काही पुरलं नव्हतं. ताई, मला काय काय वाटलं ते लिहीत नाही. बाबा म्हातारे होते, थकलेले होते, आणि टेकाडापेक्षा दलदल जवळ आहे. माझी मजल तिथपर्यंत गेली होती.

जुलैत लोविसाआत्या आली. बाबा गेल्यापासून ती आपल्याकडे आली नव्हती. सावोहून दोन गाड्या बदलून, गुडघे धरून आली, आणि आल्या आल्या घराच्या भिंती बघून म्हणाली की तुझ्या बापापेक्षा बरा सुतार आहेस, पण दार कुठल्या बाजूला येणार ते तुला तरी माहीत आहे का. दुसऱ्या दिवशी मी तिला झाड दाखवायला नेलं. नेस्तोरीकाकाही काठी टेकत मागून आले. आत्याने कोरलेल्या अक्षरावर हात ठेवला, थोडी रडली, मग खाली बघितलं. सगळीकडे माझे भरलेले खड्डे. तिने विचारलं, हे काय, डुकरं सोडली होतीस का? मी सांगितलं की हेल्काला शोधत होतो.

“अरे खुळ्या,” ती म्हणाली, “हे कार्सिक्को आहे. कार्सिक्कोखाली कुणी माणूस पुरतं का? ते वाटेत असतं. घर आणि थडगं यांच्या मधे.”

मग तिने सांगितलं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं, कारण इकडे ती पद्धत नाही, ती बाबांच्या आणि तिच्या सावोकडची. गेलेला माणूस कधी घराच्या ओढीने उठून निघाला, तर वाटेत त्याला आपलं झाड दिसावं, आपली खूण वाचावी, आणि तिथूनच त्याने शांतपणे माघारी फिरावं, म्हणून ते झाड. बाबांनी आईच्या वेळी केलं नाही, कारण इकडचे लोक हसतील असं त्यांना वाटायचं. या वेळी हसायला कुणी नव्हतं. नेस्तोरीकाकांना राहवलं नाही. म्हणाले, “सहा आठवड्यांचं लेकरू, ते काय वाचणार?” आत्या त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, “तिला वाचता येत नसेल. तिच्या आजोबाला लिहिता येत होतं.”

म्हणजे मी दोन उन्हाळे झाडाभोवतीच शोधत राहिलो आणि ती पुढे, वाटेच्या दुसऱ्या टोकाला होती. झाडापलीकडे वाट टेकाडाच्या माथ्याकडे चढते. तिथले सगळे पाइन जर्मनांनी पूल बांधायला तोडून नेले, आता नुसती खोडं उरलीत आणि गाड्यांनी उकरलेली जमीन. तिकडे कुणी जात नाही, कारण सुरुंग काढणाऱ्यांनी रस्ते साफ केले पण टेकाडं नाहीत. कोर्वा वाडीवरचा घोडा गेल्या वर्षी तिथेच सुरुंगावर पाय पडून गेला. तुला हे आधी सांगितलं असतं तर तू मला शपथ घातली असतीस, म्हणून आता सांगतोय, सगळं संपल्यावर. मी घाई केली नाही. पोटावर पडून लोखंडी सळई तिरकी घालत पुढे सरकायचं, सैन्यात शिकवलं होतं तसंच. जिथे सळईला काही लागलं नाही तिथली मुळांची चटई अलगद उचलायची आणि रंग बघायचा. राखाडी सलग असेल तर चटई परत बसवायची आणि पुढे. नेस्तोरीकाका खोडावर बसून मला शिव्या घालायचे, म्हणायचे की तू उडालास तर तुझी गाय मी घेणार, आधी सांगून ठेवतो. पण एक दिवसही चुकले नाहीत. एक सुरुंग सापडला. त्याला निशाण लावून सैन्याला कळवलं, ते येऊन घेऊन गेले. बाकी गोट्यांचा त्रास. या मातीत मुठीएवढ्यापासून गायीएवढ्यापर्यंत दगड, आणि सळईला सगळे सारखेच लागतात.

गुरुवारी दुपारी माथ्याच्या जरा अलीकडे, दक्षिणेच्या उतारावर मी एक चटई उचलली आणि खाली राखाडी नव्हती. म्हणजे होती, पण ठिपक्याठिपक्यांनी, गंजात आणि पिवळ्या वाळूत कालवलेली, तिन्ही रंग एकत्र. कडेला मात्र पट्टा सरळ उभा कापलेला होता, सुरीने पावाची कड कापावी तसा. ती बाबांच्या फावड्याची कड होती. मी चारी बाजू हाताने मोकळ्या केल्या. जागा आपल्या जुन्या पीठ मळायच्या काथवटीएवढी होती. एक बाजू सरळ, दुसरी सरळ, कोपरे काटकोनात. सुरुंग पेरणारा शिपाई काटकोन करत बसत नाही. बाबा करायचे. कंबरभर खोल गेल्यावर भूर्जाच्या सालीची कड दिसली. दुहेरी गुंडाळलेली, वरून वाखाच्या दोरीने बांधलेली, आणि साल कालच झाडावरून काढल्यासारखी पांढरी. मी हात मागे घेतला. नेस्तोरीकाका खोडावरून उठले, टोपी काढली, आणि खड्ड्याच्या कडेला आले. मग म्हणाले, “बुटांना ओल नाही बघ. आठवडाभर पाऊस पडतोय आणि इथे ओल नाही.”

ताई, हे मी तुला नीट सांगायला पाहिजे, कारण बाबांविषयी आपण दोघांनी जे मनात आणलं ते पुसायला दुसरं काही माझ्याजवळ नाही. घरापासून दलदलीकडे उतरायला त्यांना थोडाच वेळ लागला असता. तिथली माती मऊ आहे, एका हाताने खणता येते. किंवा वाटेच्या कडेला, झाडापाशीच, जिथे मी शोधत बसलो. सकाळी निघायचं होतं, गुरं बांधायची होती, तू तापात होतीस. तरी ते सगळ्या टेकाडावरच्या सगळ्यांत दगडी जागी गेले, तिला घेऊन चढले, आणि कंबरभर खोल खणलं. तिथे किती दगड आहेत ते मला विचार. काढलेले गोटे त्यांनी परत आत टाकले नव्हते; मोठे सगळे बाजूला रचून ठेवले होते, आत फक्त बारीक माती, हाताने चाळल्यासारखी. त्या उतारावर बर्फ सगळ्यांत आधी वितळतं. पाणी क्षणभर थांबत नाही. ती एक दिवसही पाण्यात राहिलेली नाही, याची मी तुला खात्री देतो, आणि मी उगाच खात्री देणारा माणूस नाही हे तू जाणतेस. बाबा तुला म्हणाले ना, जागा कोरडी आहे. ते तुझी समजूत काढत नव्हते. त्यांनी जे केलं तेच सांगितलं.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. ही माती कोरडी आहे तशी आंबटही आहे. लोखंड धुऊन नेते तसं हाडही नेते. नेस्तोरीकाकांनी पूर्वी पुरलेला कुत्रा तळघर खणताना निघाला तेव्हा गळपट्ट्याचं बकल आणि मातीवर एक काळसर डाग, एवढंच होतं. सालीच्या आत काय आहे ते मी बघितलेलं नाही. साल टिकेल, तुझ्या माझ्यापेक्षा जास्त टिकेल. आतलं किती दिवस टिकेल ते मला सांगता येत नाही. फार वर्षं नाही. म्हणून मी थांबायला तयार नव्हतो, तू थांब म्हणालीस तरी.

शुक्रवारी मी पाद्रीबाबांकडे जाऊन आलो. त्यांचं चर्च जळालं, पण आवार तसंच आहे, रेइनोभावजींच्या ओळीवर गवत कापलेलं आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन वाटा सांगितल्या. हेल्काला आवारात आणून भिंतीच्या कडेला, भावजींच्या ओळीसमोर ठेवता येईल. किंवा ते स्वतः टेकाडावर येतील, जागेवर प्रार्थना म्हणतील, आणि ती जागा चर्चच्या वहीत तिच्या नावाने लिहिली जाईल. मग तिथे नांगर किंवा कुऱ्हाड कुणालाच घालता येणार नाही. त्यांनी विचारलं की तुमचं काय मत. मी सांगितलं की माझं मत विचारू नका, पोरीची आई जिवंत आहे. पण तुझ्यापासून काय लपवायचं. माझं मत आहे. बाबांनी जे काम इतकं नीट केलं, ते मी तरी उकरणार नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. मी तिला उचललेलं नाही, ताई. साल दिसली त्याच दिवशी मी खड्डा परत भरला, बाबांनी भरला होता तसाच, बारीक माती खाली आणि मुळांची चटई वर, आणि चारी कोपऱ्यांवर त्यांनीच रचलेले गोटे ठेवले. झाडापासून तिथपर्यंतची वाट सळईने तपासून, दोन्ही बाजूंनी फांद्या रोवून मोकळी केलीय. ती वाट सुरक्षित आहे, मी तिच्यावरून रोज चालतो. तू म्हणाली होतीस की पाय कुठे ठेवू ते कळत नाही. आता कळेल. ती कुठे आहे हे माहीत आहे, म्हणजे बाकी सगळ्या टेकाडावर ती नाही हेही माहीत आहे. बेरी तोडायला जा, गायीमागे जा, तुझ्या पायाखाली काही नाही. पाद्रीबाबांनी सांगितलेल्या दोन्हींतली वाट तू निवड, पण पत्राने नको. इथे येऊन, तिच्याजवळ उभं राहून निवड. न्यायचं ठरवलंस तर साल तुझ्या हाताने उचल, मी खाली उतरून तुला धरेन. राहू द्यायचं ठरवलंस तर पाद्रीबाबांच्या शेजारी तू उभी राहा. ऑक्टोबरच्या मध्याला जमीन गोठते, त्याआधी. तू येणार आहेस, हे मी विचारत नाहीये. दार पूर्वेला केलंय, तुझी खोली त्याच्या उजव्या हाताला आहे, आणि तिथल्या खिडकीला काच सगळ्यांत आधी बसवतोय.

तुझाच,
ओइवा

ता. क. तू विचारशीलच म्हणून हिशोब लिहितो. सळई नेस्तोरीकाकांची, तिचे पैसे ते घेत नाहीत. त्यांना कॉफीचं अर्धं पाकीट दिलं. खिळे ३८ मार्क. पाद्रीबाबांकडे जायला यायला ट्रकवाल्याला ६० मार्क. पाद्रीबाबा काही घेणार नाहीत, त्यांच्या घोड्याला ओट्स आपल्याकडचे. लोविसाआत्याच्या परतीच्या तिकिटाचे २१० मार्क मी दिले, ती पाठवीन म्हणालीय, मी नको म्हणालोय. काचेचे ९० मार्क दुकानदाराला देणं आहे, सप्टेंबरअखेर फिटेल. सरहद्दीवरच्या टोर्निओहून तुझ्या गाडीच्या तिकिटाचे १६० मार्क आणि गाडीतून उतरल्यावर घरापर्यंतच्या बसचे ४५ बाजूला काढून ठेवलेत. परतीच्या तिकिटाचेही ठेवलेत, वेगळ्या पाकिटात. लागले तर आहेत.